बेळगावचं तेल

इनास पिंटो आमचा शेजारी. मधे फक्त चिऱ्यांचा एक गडगा, तोही अर्धा ढासळलेला. त्यांच्या घरात कोण खोकलं ते मला कळायचं आणि माझ्या घरात कोणाला ओरडा बसला ते त्यांना. तेव्हा मी जे सांगते आहे ते कोणाकडून ऐकलेलं नाही, डोळ्यांनी बघितलेलं आहे. नंतर कोणी येऊन 'मथुराकाकी, असं नव्हतं, तसं होतं' म्हणू नये.

इनास धंद्याने पाडेली. माडावर चढायचं, नारळ पाडायचे, झावळ्या उतरवायच्या. त्याचा बापूस माडाची माडी काढायचा, पण सरकारने दारूबंदी आणली आणि ती मडकी कायमची खाली आली. इनासला त्याचं फार दुःख झालेलं मी बघितलं नाही. चढायचं तर आहेच, खाली येताना मडकं आणायचं की नारळ, एवढाच काय तो फरक, असं म्हणायचा. माणूस बारीक, काळा, शिडशिडीत. बोलायला असा चिक्कू की शब्द जणू बाजारातून वजन करून आणलेत. पण एकदा 'होय' म्हणाला की जग उलटंपालटं झालं तरी होय. आमचे हे म्हणायचे, ह्या इनासला कोर्टात साक्षीला न्यावं आणि जज्जाला घरी पाठवावं.

वर्षभर तो पाडेली असायचा आणि ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मात्र वाडीतला सगळ्यात मानाचा माणूस. कारण तेल आणायचा मान पिंटोंच्या घराण्याचा होता. आजा आणायचा, बापूस आणायचा, मग हा.

तेल म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ख्रिस्ती लोकांत मूल जन्मलं की बाप्तिस्म्याला तेल लागतं. जरा मोठं झालं की बिशप येऊन कपाळाला तेल लावतो. आणि माणूस जायला टेकलं की पाद्री येऊन डोळ्यांना, कानांना, ओठांना, हातापायांना तेल लावून त्याला निरोप देतो. हे तेल दुकानात मिळत नाही. वर्षातून एकदा, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, बिशप आपल्या मोठ्या देवळात बसून ते मंत्रवून देतो, आणि त्याच्या हाताखालच्या प्रत्येक चर्चने आपापला वाटा घरी न्यायचा. मागच्या वर्षीचं उरलेलं दिव्यात जाळायचं. म्हणजे कुठल्या वाडीवर कुठल्या बिशपची सत्ता आहे, हे तेल कुठून येतं त्यावरून कळतं. आपल्यात कसं गाव, तालुका, जिल्हा, तसंच त्यांच्यात. वाडीचं चर्च पाद्रीच्या हाती, अशी बरीच चर्च मिळून बिशपचा प्रांत, आणि अशा प्रांतांच्या डोक्यावर आर्चबिशप. आमची वाडी पोर्तुगीजांच्या मुलखात कधीच नव्हती, तरी त्यांच्या धर्माच्या हिशेबाने ती चारशे वर्षं गोव्याच्या आर्चबिशपकडे. राज्य कोणाचंही येवो, तेल गोव्याचं.

इनास ते चालत आणायचा. वेंगुर्ला, शिरोडा, तेरेखोलची खाडी, आणि पुढे पेडण्याहून थेट आर्चबिशपच्या देवळापर्यंत. तीन तेलांच्या तीन डब्या एका लाकडी पेटीत, पेटी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून छातीशी बांधलेली. घराण्याचा नियम असा की पेटी जमिनीला टेकवायची नाही आणि चाकावर बसवायची नाही. वाटेत बसायचं झालं तर पेटी झाडाच्या फांदीला. बैलगाडी नको, मोटार नको, कोणी राजाने पालखी दिली तरी नको. हा नियम चर्चच्या कुठल्या पुस्तकात नव्हता. फादरनी स्वतः मला सांगितलं, की मथुराबाई, मोटारीतून आलं तरी तेल तेच. पण पिंटोंना जाऊन सांगा!

आणि पिंटोंच्या घरात इनासपेक्षा मोठा हट्ट होता तो त्याच्या आईचा. माराकीत म्हातारी. पाठीत वाकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ अशी की तिच्यासमोर मीसुद्धा गप्प बसायचे, आणि मी गप्प बसणारी नव्हे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. बावन्न साली गोव्यात संत झेवियरचं शव दर्शनाला ठेवलं होतं तेव्हा ती आपल्या झिलाचा, म्हणजे लेकाचा, इनासचा हात धरून जाऊन आली. आल्यापासून तर गोवा म्हणजे तिला प्रत्यक्ष स्वर्गाचं दार. "सायबाक बगलंय मी, मथुरा," असं मला दिवसातून दोनदा सांगायची. मी म्हणायचे, "बगलंस गो बाय, काल पण बगल्लंस." मग चिडायची.

आणि त्रेपन्न साली सगळं बदललं. रोमहून हुकूम आला. गोव्याच्या त्या अवाढव्य प्रांतातून ब्रिटिशांच्या बाजूचे, म्हणजे आता आपल्या भारतातले तुकडे काढले आणि बेळगावला नवा बिशप बसवला. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, सगळी चर्च बेळगावकडे. फादर आल्वारीस तेव्हा आमच्याकडे नवे होते, तरुण, चष्मेवाले. त्यांनी रविवारी उभं राहून सांगितलं की यापुढे आपला बिशप बेळगावचा. लोकांनी मान डोलावली आणि घरी गेले. बिशप काय, कोणीही असो, तो काय रोज जेवायला येतो?

पण चौपन्नचा ईस्टर जवळ आला आणि फादरनी इनासला बोलावून सांगितलं, "या वर्षी तेल बेळगावहून." इनासने मान हलवली आणि घरी येऊन आईला सांगितलं. माराकीत कडाडलीच. "बेळगावाक काय आसा रे? थंय कोण सायब निजलो आसा? काल बसलेलो बिशप, तेचा तेल कच्चा. तू गोंयाक जा. फादर पोर आसा, तेका काय कळता?"

आणि इनास गेला की हो! ह्याच्यासारखा शहाणा माणूस, पण आईने सांगितलं आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वाट पायांना ठाऊक, गेला सरळ गोव्याला. तिथे कोणीतरी तोंड ओळखून डब्या भरून दिल्या. शनिवारी सकाळी छातीशी पेटी घेऊन वाडीत आला तेव्हा बायका मेणबत्त्या घेऊन दारात उभ्या होत्या. फादरनी पेटी हातात घेतली, कुठलं तेल ते विचारलं, इनासने खरं सांगितलं. फादरांचा चेहरा उतरला. शेजारच्या चर्चचा पाद्री बेळगावहून मोटारीने आलेला, त्याच्याकडून त्यांनी थोडं तेल आणून ठेवलेलंच होतं, इनासचा स्वभाव ओळखून असतील. त्यांनी ते वापरलं. इनासचं गोव्याचं तेल मात्र सगळ्यांसमोर वेदीच्या दिव्यात ओतलं. रागाने नव्हे हो, रीतच तशी. पण इनास पाठीमागे उभा राहून बघत होता. घराण्याने आणलेलं तेल पहिल्यांदा वातीत जळत होतं. मला त्या दिवशी त्याची इतकी कणव आली की मी संध्याकाळी घावणे करून पाठवले. त्याने खाल्ले नाहीत, त्याच्या बायकोने, लुदोवीनने, मुलांना वाटले.

वाडीत मग दोन तट. बरेचसे म्हाताऱ्या माराकीतच्या बाजूचे. बेळगावचं तेल कच्चं, हे असं काही पसरलं की विचारू नका. तान्ही पोरं बाप्तिस्म्याशिवाय ठेवून घेतली, आणि बोटीने, पायी, गुपचूप गोव्यात नातेवाइकांकडे नेऊन तिथे बाप्तिस्मा उरकून आणायला लागले. फादर बिचारे चर्चच्या पायरीवर बसून असायचे. मला म्हणाले, "मथुराबाई, माझ्याकडे माणसं फक्त मरायला येतात." मी म्हटलं, "मग तर तुमचा धंदा जोरात चालेल, फादर." हसले बापडे.

इनास वर्षभर काही बोलला नाही. नारळ पाडायचा आणि घरी यायचा. आम्हाला वाटलं, मान गेला, आता हा तेलाचं नाव काढणार नाही. पण पंचावन्नच्या चैत्रात एका सकाळी गडग्यापाशी येऊन मला म्हणाला, "बाय, बेळगावाक खंयच्या वाटेन जातत?" आमचे हे शाळामास्तर, त्यांनी नकाशा काढून दाखवला. सावंतवाडी, दाणोली, आंबोलीचा घाट, मग वर पठारावरून. हे म्हणाले, "इनास, सावंतवाडीहून मोटार मिळते." इनासने यांच्याकडे असं बघितलं की यांनी नकाशाच गुंडाळला.

गेला. आंबोलीचा घाट छातीशी रिकामी पेटी बांधून चढला आणि भरलेली घेऊन उतरला. आल्यावर मी विचारलं, कसं होतं? इतकी वर्षं ओळखते त्याला, एका दमात तो इतकं कधी बोलला नव्हता. म्हणाला, "बाय, देऊळ नवा. माका कोण वळखत नाय. मी मागे उभो रवलंय. बिशप मगे तेलाच्या भांड्यावर फुंकर मारता, आणि मगे एकेक पाद्री येवन फुंकर मारता. आणि सगळे त्या भांड्याक नमस्कार करतत. गोंयात करतत तसोच. काय एक कमी नाय, बाय. मी बगी होतंय, खंय चुकतत काय. चुकाक नाय." मग म्हणाला, "आता ह्या तेल माझा. मी हाडलंय," म्हणजे आणलंय, "कोण कच्चा म्हणताहा ता बगतंय."

आणि त्याने बघितलंच. लुदोवीनला नुकतीच मुलगी झाली होती. वाडीत नव्या तेलाने झालेला पहिला बाप्तिस्मा तिचा. फादरांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः घंटा वाजवली. सगळी वाडी दारादारातून बघत होती. माराकीत मात्र आली नाही. नातीच्या बाप्तिस्म्याला आजी घरात बसून कोंबड्यांना दाणे टाकत होती. सगळे मुलीला घेऊन चर्चला निघाले तेव्हा मी गडग्यावरून ओरडले, "अगो, नात तुझी!" तर मला म्हणाली, "माझी नात आसा, पण ता तेल माझा न्हय. माझ्या कपाळाक ता लागाचा नाय. मरान पडलंय तरी नाय."

हे ती सगळ्यांसमोर बोलली आणि इनासने ऐकलं. थट्टेची गोष्ट नव्हती ही त्यांच्यात, हे लक्षात घ्या. तेलाशिवाय जाणं म्हणजे दार न उघडता भिंतीवर डोकं आपटणं. आणि ज्याच्या बापाने, आजाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या आयांसाठी तेल वाहिलं, त्याची स्वतःची आई कोरडी जायची! इनासला तेव्हापासून एकच घोर लागला. दिसायचा नाही, पण होता.

त्याच वर्षी पावसात गोव्याची सीमा बंद झाली. सत्याग्रह, गोळीबार, सगळं पेपरात येत होतं. गुपचूप बाप्तिस्मे थांबले. पोरं मोठी व्हायला लागली, आया घाबरल्या आणि एकेक करून फादरांकडे आल्या. पुढच्या वर्षी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, आमच्या ह्यांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. मी इनासला म्हटलं, "तुमचं नशीबच असं. तेल कायम परक्या राज्यातून." तो म्हणाला, "रस्तो तोच आसा, बाय." आणि दर वर्षी जातच राहिला. थंडीतापात, एकदा तर पायाला नारूसारखी गाठ आलेली असताना. लोकांनी कच्चं म्हणणं कधी सोडलं ते लोकांनाही आठवत नाही. तेल चांगलं आहे म्हणून नव्हे, इनास आणतो म्हणून.

एक माराकीत तेवढी हलली नाही. घरात बेळगावचं नाव काढलं की उठून मागच्या खोपीत, मांगरात, जायची. सहा वर्षांत तिने त्याला एकदाही विचारलं नाही की बाबा, कुठून गेलास, कसा आलास, जेवलास काय. इनासही सांगायचा नाही. मायलेक एका ताटावर बसायची आणि मधे ते तेल. मला कधीकधी वाटायचं, गडगा ओलांडून जावं आणि म्हातारीच्या दोन दंडांना धरून हलवावं.

एकसष्टच्या मे महिन्यात तिने अंथरूण धरलं. आंबे उतरवायचे दिवस, इनास माडावर कमी आणि घरात जास्त. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला हे आता शाळेतलं पोरही सांगेल, पण तेव्हा आम्हाला काय ठाऊक? आणि म्हातारी काही डिसेंबरपर्यंत थांबणारी नव्हती. शेवटच्या दिवशी सकाळी तिचा श्वास घशात आला तेव्हा लुदोवीन माझ्याकडे धावत आली. मी हातातलं पीठ तसंच टाकून गेले.

फादर तेल घेऊन पडवीत आले होते, पण आत येत नव्हते. मला म्हणाले, "मथुराबाई, जो नको म्हणतो त्याला जबरदस्तीने लावता येत नाही. ती हो म्हणाली तरच." लुदोवीन पदरात तोंड घालून रडायला लागली. मी इनासला बाजूला घेतलं. म्हटलं, "इनास, ऐक माझं. तिला आता काही दिसत नाही. गोंयचा तेल मेळला म्हणान सांग. एक शब्द. तुझ्या देवाला कळेल, तो काय पोलीस पाटील आहे?" अजूनही मी म्हणते, मी बरोबर तेच सांगत होते. कोणीही शहाण्या माणसाने हेच सांगितलं असतं.

इनास आत गेला आणि आईच्या उशाशी जमिनीवर बसला. म्हातारीला माणसाची चाहूल लागली. फादरांचा आवाज तिने पडवीतून ऐकलाच असणार, कान अजून शाबूत होते. डोळे न उघडता विचारलं, "तेल खंयचा?"

मी इनासच्या समोर उभी. ओठ हलवून त्याला दाखवत होते, गोंयचा म्हण, गोंयचा. लुदोवीनने हात जोडले.

"बेळगावचा," इनास म्हणाला.

त्या क्षणी त्याच्या थोबाडीत मारावी असं मला वाटलं, देवाशपथ. म्हातारीने तोंड भिंतीकडे केलं. झालं, संपलं सगळं, म्हटलं. पण इनास उठला नाही. रडला नाही, हातापाया पडला नाही. नेहमीच्या बारीक आवाजात, जणू नारळांचा हिशेब सांगतोय, असा बोलायला लागला.

"माय, गोंयचा म्हणान सांगलंय आसतंय तर तू लावन घेतलं आसतंस. पण मगे मी तुका फसवलंय आसतंय. आमच्या घरान तेलात कधी कोणाक फसवक नाय. ह्या तेल बेळगावचा आसा. आणि ह्या मी हाडलंय. जमनीक टेकवक नाय, गाडयेत चडवक नाय. ता कच्चा आसात, तर माझा चलणा पण कच्चा म्हण. मगे मी फादराक घराक धाडतंय."

बाहेर फादरांच्या चपलांचा आवाज तेवढा. मग भिंतीकडे तोंड करूनच म्हातारी म्हणाली, "बेळगाव लांब आसा?"

"गोंयापरास लांब आसा, माय."

"वाट कशी?"

"घाट आसा. मोठो घाट. रान आसा."

"तेतूरसून चलान जातस?"

"दर वर्सा."

म्हातारीने हळूहळू तोंड इकडे वळवलं. तिला दिसत नव्हतं, तरी ती इनासच्या दिशेने बघत राहिली. सहा वर्षं न विचारलेलं सगळं तिने त्या एवढ्याशा वेळात विचारून घेतलं. मला रडू आवरेना, मी सरळ रडले, लपवायचं काय त्यात?

"मगे त्या फादराक भायर कित्याक उभो केलास?" ती इनासवर खेकसली. आवाज नव्हता अंगात, पण खेकसणं तेच.

फादर वाकून आत आले. गुडघे टेकले, डबी उघडली, अंगठ्याला अगदी टिपूसभर तेल लावलं, त्यांची रीतच तशी, थोडंच घ्यायचं. लॅटिन पुटपुटत त्यांनी तिच्या पापण्यांवर अंगठा फिरवला, कानांवर फिरवला. माराकीतला ते बोट पुरेसं ओलं वाटलं नसावं. तिने फादरांचं मनगट धरलं.

"फादर," ती म्हणाली, "हात आखडू नको. माझ्या झिलान घाटातसून चलान हाडल्यान."